जनरेटर ‘हवेशीर खोलीत’ नव्हे, घराबाहेरच हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाने पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील वाचकांसाठी पूर्वतयारीच्या सूचनांचे एक पान दिले आहे. विजेरी, कोरडा शिधा, नेहमीची औषधे, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायची कागदपत्रे यांविषयी त्यात लिहिलेले सगळे उपयुक्त आहे. त्याच यादीत लहान पेट्रोल जनरेटर हवेशीर खोलीत ठेवून चालवावा, असाही सल्ला दिलेला आहे, आणि त्याला मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी नोकरी केली असून निवृत्तीनंतर दापोली तालुक्यात राहतो. जनरेटरसाठी खोली कितीही हवेशीर असली तरी ती चालत नाही, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोरी ओढून चालू करायची ही लहान यंत्रे कोकणात पूर्वी गणेशोत्सवाच्या मंडळांत, लग्नाच्या मांडवात आणि बाजारपेठेतल्या दुकानांसमोर दिसत. त्यांतली बरीचशी पेट्रोलवर चालू करून मग केरोसीनवर चालवली जात आणि सगळी पेठ त्या धुराने भरून जाई. घराघरांत हे यंत्र आले ते मुख्यतः निसर्ग चक्रीवादळानंतर. ३ जून २०२० रोजी हे वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील अनेक वाड्या कित्येक आठवडे अंधारात राहिल्या. अंधार माणसे कशीबशी सोसतात, पण पंप बंद पडला की विहिरीत पाणी असूनही घागर भरत नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि जुलैत चिपळूण पुरात बुडाले. त्यानंतर ज्याला परवडले त्याने यंत्र घेतले, आणि ज्याला परवडत नव्हते त्याने शेजाऱ्याच्या निम्म्या भागीत घेतले. ही गरज खरी आहे, तेव्हा जनरेटर घेऊच नका असे सांगण्यात काही अर्थ नाही. माझे म्हणणे निराळे आहे. या यंत्राचे दोन सर्वांत मोठे धोके दोरी ओढणाऱ्या माणसापेक्षा दुसऱ्याच कोणावर तरी कोसळतात. एक माजघरात झोपलेल्या कुटुंबावर आणि दुसरा खांबावर चढलेल्या लाईनमनवर. म्हणूनच ही बाब एकट्या मालकाच्या सावधगिरीवर सोडून भागणार नाही.

पहिला धोका धुराचा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो नाकाला किंवा घशाला झोंबतही नाही. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या इतर पदार्थांचा, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजणे चुकीचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते, आणि माणूस श्वास घेत असतानाच त्याचे शरीर ऑक्सिजनअभावी थकत जाते. हवेच्या दहा हजार भागांत या वायूचे सोळा भाग झाले तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते, गरगरते, मळमळते आणि दोन तासांच्या आत मृत्यू येऊ शकतो. ही लक्षणे पित्ताची, अपचनाची किंवा तापाच्या कणकणीची वाटतात, म्हणून माणूस थोडा पडून घेतो आणि झोपेतच बेशुद्ध होतो. घरातल्या दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर कारण शोधत न बसता सर्वांनी आधी उघड्यावर यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हे आवर्जून सांगायचे म्हणतो त्याला कारण आहे. करोनाच्या काळात अनेक घरांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले आणि ते आजही कपाटात आहेत. या विषबाधेत ते उपकरण फसवते. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही पडद्यावर अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असा समाधानकारक आकडा दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबून कोणी घरी थांबू नये.

खिडक्या उघडल्या तर हा वायू निघून जाणार नाही काय, असे आपले सूचनाकार विचारतील. त्यासाठी वायूच्या प्रमाणाचा विचार करावा लागतो. आजच्या मोटारींच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो आणि तो या वायूचा बहुतांश भाग निरुपद्रवी करतो. लहान जनरेटरमध्ये सहसा अशी सोय नसते, त्यामुळे दिसायला मिक्सरच्या खोक्याएवढे यंत्र शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साईड सोडू शकते. एवढा वायू दोन खिडक्यांतून बाहेर जाईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, कारण वारा फिरला की त्याच खिडक्या तो आत आणतात. अमेरिकेत जनरेटरच्या धुराने दरवर्षी सरासरी ८५ माणसे मरतात, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. ऑगस्ट २०२० मध्ये लुइझियाना राज्यात लॉरा चक्रीवादळ आले तेव्हाच्या मृतांमध्ये या धुराच्या बळींचा वाटा मोठा होता. वादळातून वाचलेली माणसे वीज येण्याची वाट पाहताना गेली. आपल्याकडे असे मृत्यू वेगळे मोजले जातात असे दिसत नाही. त्यावरून ते घडत नाहीत असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

तेव्हा जनरेटर घरापासून निदान वीस फुटांवर असावा आणि त्याचा सायलेन्सर घराच्या, शेजाऱ्याच्या व गोठ्याच्या विरुद्ध दिशेला वळलेला असावा. कोकणातली पडवी आपल्याला उघडी वाटते, परंतु पावसाळ्यात तिला झापांनी किंवा निळ्या प्लास्टिकने बंद केले की ती खोलीच झाली. त्यातून घर कौलारू असेल तर भिंत आणि छपर यांच्यामधल्या फटीतून पडवीतला धूर थेट माळ्यावर आणि तिथून माजघरात उतरतो. बाजारात ‘सायलेंट’ म्हणून विकली जाणारी यंत्रे या बाबतीत अधिक धोक्याची ठरतात, कारण आवाज कमी म्हणून माणूस ती निर्धास्तपणे ओटीवर आणतो. आवाज कमी झाला म्हणून विष कमी होत नाही.

माणसे यंत्र आत का आणतात, याचाही विचार केला पाहिजे, नाहीतर वीस फुटांचा नियम कागदावरच राहील. कारणे दोन आहेत, पाऊस आणि चोरी. भिजलेल्या यंत्राच्या सॉकेटला हात लावणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे पावसाची भीती रास्तच आहे. त्यावर उपाय महाग नाही. परसात उंचवट्यावर चार जांभे चिरे रचून फूटभर उंचीचा सपाट ओटा करावा, चार वाशांवर पत्रा टाकावा आणि चारही बाजू उघड्या ठेवाव्यात. पावसाची झड फार येत असेल तर पत्रा पुढे वाढवावा, पण बाजूंना प्लास्टिक लावू नये. सायलेन्सर फार तापतो, म्हणून पेंढा, गवत, लाकूडफाटा आणि झापा यांपासून तो पाच-सहा फूट दूर असावा. चोरीसाठी ओट्यातच लोखंडी कडी बसवून साखळी आणि कुलूप लावता येते. ओटा सपाट असण्याला आणखी एक कारण आहे. ऑईल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय बहुतेक यंत्रांत असते. यंत्र कलते ठेवले तर ऑईल पुरेसे असूनही ते बंद पडते. मग वैतागून काही मेकॅनिक ती वायरच काढून टाकतात आणि पुढे कधीतरी इंजिन खरोखर कोरडे होऊन जाम होते.

दुसरा धोका माझ्या व्यवसायातला आहे आणि त्याबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे. यंत्र घरी आले की पुष्कळ ठिकाणी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर तयार केली जाते. तिचे एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये आणि दुसरे घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातले की सगळ्या घरात दिवे लागतात. ही वायर बनवणारा, विकणारा आणि वापरणारा असे तिघेही दोषी आहेत. तिची एक पिन सॉकेटमधून निसटली तर २३० व्होल्टचे उघडे पितळ हातात येते, हा झाला घरातला धोका. घराबाहेरचा याहून मोठा आहे. मेन स्विच बंद करायचा राहिला तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि तारांमधून डीपीपर्यंत, म्हणजे गावच्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) पोहोचते. आपल्या गावातली रोहित्रे ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवतात. रोहित्राला कोणती बाजू घराची आणि कोणती उपकेंद्राची हे कळत नाही; उलट्या बाजूने वीज आली की ते त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे पंचवीस पटींनी, दाब वाढवते. बंद आहे असे समजून ज्या तारेला लाईनमन हात घालतो, तिच्यात मग हजारो व्होल्ट असू शकतात.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: आमचे दोन केव्हीएचे यंत्र आख्ख्या वाडीचा भार कसा उचलणार, ते लगेच बंद पडेल. लाईन सलग असेल तर बहुधा तसेच होईल. पण वादळानंतर लाईन सलग कोठे असते? तारा जागोजाग तुटलेल्या असतात, शेजाऱ्यांचे मेन बंद असतात आणि तुटून पडलेल्या एखाद्या तुकड्यावर जोडलेले घर फक्त तुमचेच असू शकते. अशा वेळी यंत्रावर भार जवळजवळ नसतोच. ते खुशाल चालू राहते आणि जमिनीवर लोळणारी ती तार जिवंत राहते. तिच्यावर लाईनमनच्या आधी एखाद्या गुराचा किंवा शाळकरी पोराचा पाय पडू शकतो. निसर्गच्या वेळी महावितरणचे कर्मचारी राज्याच्या दुसऱ्या भागांतूनही मदतीला आले होते. कोणत्या घरात जनरेटर आहे हे गावातल्या वायरमनला ठाऊक असते, पण बाहेरून आलेल्या माणसाला कसे कळणार? काम सुरू करण्यापूर्वी तारा शॉर्ट करून अर्थ करण्याची पद्धत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. तरीही आपल्या घरातून उलटी वीज जाऊ न देणे हे आपले काम आहे.

मी मेन बंद करूनच यंत्र लावतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आज ते खरे असेलही. परंतु मालक मुंबईला गेलेला असताना घरातले म्हातारे माणूस किंवा कॉलेजातला मुलगा यंत्र लावतो तेव्हा त्याला हे आठवेल, यावर दुसऱ्याचा जीव टांगणे बरोबर नाही. त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. एक बाजू महावितरणची, एक जनरेटरची आणि मधली जागा बंदची; दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणे यांत्रिकदृष्ट्याच शक्य नाही. सिंगल फेज घराला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा स्विच लागतो, थ्री फेजला चार पोलचा. यंत्राच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. बसवणारा परवानाधारक विद्युत ठेकेदार असावा. स्विच नसल्यास वीज अचानक परत आली तर ती थेट चालू जनरेटरवर आदळते, अल्टरनेटर, म्हणजे यंत्रातला वीज तयार करणारा भाग, जळतो आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते, हेही लक्षात घ्यावे. स्विच बसवायचाच नसेल तर घरच्या वायरिंगला हात न लावता फ्रिज, पंखा किंवा चार्जर जाड तीन तारांच्या वायरने सरळ जनरेटरला जोडावा. ती वायर तांब्याची आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची असावी. रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळी तापून वितळते.

अर्थिंगबाबत थोडक्यात लिहितो, कारण त्याचा निर्णय जागेवर पाहूनच घ्यावा लागतो. अनेक लहान यंत्रांत न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो. अशा वेळी घरातली आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) जनरेटरच्या विजेवर गळती झाली तरी पडेलच असे नाही, कारण गळतीच्या प्रवाहाला परतीची वाट नसते. हा जोड कोठे आणि कसा द्यायचा हे ठेकेदाराने यंत्राचे माहितीपत्रक वाचून ठरवावे. आरसीसीबी आहे म्हणून ओल्या हाताने पंपाला हात लावू नये.

पेट्रोलचा विषय सर्वांना माहीत आहे असे वाटते, पण सवयी वेगळेच सांगतात. चालू इंजिनात पेट्रोल ओतणे तर राजरोस चालते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी तयार होते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंत किंवा समईपर्यंत पोहोचते. टाकी उजेडात, संध्याकाळ होण्यापूर्वी भरून ठेवावी. रात्री भरावीच लागली तर यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावे आणि विजेरीच्या प्रकाशात भरावी, कंदील किंवा मेणबत्ती जवळ आणू नये. टाकी काठोकाठ भरू नये, कारण तापल्यावर पेट्रोल फुगते. साठ्याबाबत १९३४ चा पेट्रोलियम कायदा स्पष्ट आहे: विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना तीस लिटरपर्यंत ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि धातूच्या भांड्याची मर्यादा पंचवीस लिटरची आहे. शीतपेयाच्या प्लास्टिक बाटल्यांतून नाक्यावर मिळणारे आणि पलंगाखाली ठेवले जाणारे पेट्रोल यात कोठेच बसत नाही.

यंत्राचा भारही हिशेबाने द्यावा. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो; फ्रिजचेही तसेच आहे. म्हणून यंत्र आधी रिकामे सुरू करावे, दोन-तीन मिनिटांनी पंप लावावा, तो स्थिरावल्यावर दुसरे काही, आणि सलग भार क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर नेऊ नये. दिवे मंद होतात म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळणाऱ्यांना एवढेच सांगतो की दोन ध्रुवांचे यंत्र मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरले तरच ५० हर्ट्झची वीज मिळते. वेग वाढवलात तर दाब आणि वारंवारता दोन्ही बिघडून टीव्ही आणि पंपाची मोटर जळेल.

देखभालीत कोकणातली हवा हाच मुख्य शत्रू आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते. आषाढातल्या दमट हवेत दोन महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी वेगळे होते, जेट चोंदतो, पितळी व अॅल्युमिनियमचे भाग गंजतात आणि नेमक्या वादळाच्या रात्री दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. जुनी यंत्रे तर एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेलीच नाहीत. त्यामुळे काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. महिन्याहून अधिक काळ यंत्र लागणार नसेल तर टाकीही रिकामी करावी. महिन्यातून एकदा ते पंधरा-वीस मिनिटे थोड्या भारावर चालवून पाहावे. ऑईल दर वेळी सुरू करण्यापूर्वी पाहावे. नव्या यंत्राचे पहिले ऑईल साधारणपणे वीस तासांनी आणि नंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात, नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवावा. उन्हाळाभर पडून राहिलेल्या यंत्राच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि वायरी उंदीर कुरतडतात, तेव्हा मे महिन्यात एकदा विजेरीने आत डोकावणे हे पंचवीस पानी माहितीपत्रकाइतकेच कामाचे आहे. ती माहितीपत्रके मराठीत क्वचितच असतात, ही तक्रारही येथेच नोंदवतो.

मोठ्या जनित्रांची विद्युत निरीक्षकांकडून तपासणी होते. दोरीच्या लहान यंत्राकडे मात्र कोणीही फिरकत नाही. ही पोकळी भरण्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. महावितरणच्या उपविभागांनी मीटर वाचनासाठी घरोघरी जाणाऱ्या माणसाकडून जनरेटर असलेल्या घरांची नोंद घ्यावी आणि ती यादी लाईन दुरुस्तीसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या पथकाच्या हाती परमिटसोबत द्यावी. विक्रेत्यांनी चेंजओव्हर स्विचची किंमत यंत्राच्या बिलातच धरावी आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर विकणे थांबवावे. गणेशोत्सव मंडळांना परवानगी देताना ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे आवाजाची अट घालतातच. त्याच अर्जात जनरेटर कोठे ठेवणार आणि पेट्रोल कोठे ठेवणार, हे दोन रकाने वाढवता येतील. मांडवाच्या पडद्यामागे यंत्र आणि त्याला टेकून पेट्रोलचा डबा, ही व्यवस्था आज अनेक ठिकाणी दिसते. गणेशोत्सवाला अजून अवकाश आहे, तेव्हा यंदाच्या अर्जापासूनच हे सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
ता. दापोली, जि. रत्नागिरी